अनुभव धागा: आपलं गाव, ते गाव आणि मधलं घड्याळ

परभणी – स्टुटगार्ट (धागाकर्ता)

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ऐकत वाढलो आणि नोकरीनं खरंच जर्मनीत आणून टाकलं. दोन घड्याळांत उन्हाळ्यात साडेतीन तासांचं अंतर, हिवाळ्यात साडेचार. मार्चच्या शेवटच्या रविवारी इथं काटा तासभर पुढं ढकलतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागं घेतात. आईला हे अजून पटलेलं नाही. "सरकार म्हणलं म्हणून सूर्य ऐकतोय व्हय?"

जूनमध्ये इथं रात्री साडेनऊला उजेड असतो, तेव्हा परभणीत एक वाजलेला. आई जागीच असते म्हणा, कूलरमध्ये पाणी घालत. मे-जूनमध्ये आमच्या बाजाराचा दिवसच दोन तुकड्यांत असतो. दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली, आत मालक आडवा. खरी गर्दी दिवेलागणीनंतर. इथं रविवारी दुकानं बंद आणि रात्री दहानंतर आवाज करायचा नाही. रिकाम्या बाटल्या पेटीत टाकायच्या, तर त्याही रविवारी नको, खळ्ळकन वाजतात. पहिल्यांदा हसू आलं होतं. आता सुट्टीत परभणीला गेलो की रात्रीच्या वरातीचा डीजे मलाच सहन होत नाही.

तुम्हीपण लिहा. फरक तासांचाच पाहिजे असं काही नाही.

लातूर – दिब्रुगड

आमचं घड्याळ एकच, पण सूर्य दोन! भारताची वेळ मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावरून ठरते. लातूर त्याच्या पश्चिमेला, दिब्रुगड पार पूर्वेला, आसामात. त्यामुळं तिकडं सूर्य सव्वा तास आधीच डोक्यावर. डिसेंबरात साडेचारला दिवे लावायचे. चहाच्या मळ्यांनी यावर कधीचाच तोडगा काढलाय. त्यांचं 'बागान टाइम' तासभर पुढं चालतं. नवीन माणसाला कुणी वेळ दिली की विचारावं लागतं, बागानची का घड्याळाची?

लातुरात सूर्य उशिरा येतो, पण ट्यूशनची पोरं त्याच्या आधी सायकलवर. तिकडं कुणाला घाई नाही. कामासाठी गेलात तरी आधी तामूल-पान पुढं येतं, मग बोलणं.

औसा – न्यू जर्सी

मामा १९९३ ला तिकडं होते. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबरच्या पहाटे ३:५६ ला झाला, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले. न्यू जर्सीत तेव्हा २९ ची संध्याकाळ, साडेसहाच्या आसपास. जागतिक वेळेच्या नोंदीतही तारीख २९ च आहे. इकडं घरं पडली तेव्हा मामा किराणा आणत होते. नंतर फोन लागेना. आज्जी सुखरूप आहे हे त्यांना एका पुण्याच्या मित्राकडून कळलं. अजूनही मामा औशाची वेळ दाखवणारं वेगळं घड्याळ स्वयंपाकघरात ठेवतात. मामी म्हणतात, भिंत माझी, घड्याळ तुमच्या बहिणीचं.

नांदेड – अमृतसर

काट्यात फरक शून्य, सचखंड एक्स्प्रेसनं सरळ जाता येतं. डिसेंबरात मात्र नांदेडला पावणेसातला ऊन, तिकडं साडेसातपर्यंत नुसतं धुकं. लंगर दोन्हीकडं. बाकी आमचं ऊन त्यांना झेपत नाही, त्यांची थंडी आम्हाला.

बीड – दुबई

दीड तास मागं. फरक एवढा छोटा की घरचे विसरूनच जातात. वडील सकाळी सातला निवांत फोन लावतात, इकडं साडेपाच. शुक्रवारची सुट्टी २०२२ पासून शनिवार-रविवारवर गेली, तरी काका अजून शुक्रवारीच विचारतात, "आज काय करायलास घरी?"