खुन्याच्या मनगटावर राखी: वैऱ्यावर प्रीती म्हणजे नेमकं काय?

वसईची_लेक
रविवारी मिस्साला फादरांनी मत्तय ५:४४ घेतलं, "तुम्ही आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा." घरी येते तोच पागोळीच्या पाण्यावरून शेजारणीशी भांडले, म्हणजे प्रवचन किती मुरलं ते बघा.

मग सिस्टर राणी मारिया आठवल्या. मूळच्या केरळच्या. मध्य प्रदेशात उदयनगर भागात गरीब शेतकऱ्यांना सावकारांच्या तावडीतून सोडवत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये समंदर सिंहने त्यांना भोसकून मारलं. वय अवघं ४१. २००२ च्या रक्षाबंधनाला त्यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधून आली. पुढे घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी सह्या केल्या आणि २००६ ला तो सुटला. नंतर तो केरळला त्यांच्या घरीही गेला.

हे ज्याला जमत नाही तो नावाचा ख्रिस्ती, असं माझं स्पष्ट मत.

तिरकस_तात्या
मी ख्रिस्ती नाही, तरी विचारतो. सुरी चालवणारा सापडला, पण त्याला भरीला घालणारे? राणी मारिया लढत होत्या त्या सावकारीशी. राखीचा फोटो सगळ्यांच्या लक्षात राहतो, शेतकऱ्याचं कर्ज कोणाच्याच राहत नाही.

गोदाकाठ
अहो तात्या, आपल्या पैठणच्या एकनाथांवर एक माणूस थुंकत राहिला आणि नाथ १०८ वेळा गोदावरीत उतरले. तेव्हा कुठं विचारलं कोणी भरीला घातलं म्हणून?

तिरकस_तात्या
नाथांनी स्वतःच्या अंगावरची थुंकी धुतली हो. दुसऱ्याच्या अंगावरची माफ केली नाही.

मार्था_नगर
वसईच्या ताई, "नावाचा ख्रिस्ती" हा शब्द मला लागला. माझ्या मावशीला नवरा मारायचा. मंडळीतली वडीलधारी माणसं याच वचनाचा दाखला देऊन तिला परत धाडायची. सोळा वर्षं. वचन सांगणाऱ्यांपैकी एकाच्याही पाठीवर वळ नव्हता.

सेल्मी सिस्टर गेल्या तेव्हा तो गजाआड होता. खटला झाला होता, शिक्षा लागली होती. राखी त्यानंतरची. आणि ती बांध म्हणून त्यांच्या मागे कोणी लागलं नव्हतं. हा क्रम गाळून प्रवचन करू नका.

जुना_करार
मार्थाबाईंशी सहमत, पण थोडी भर. शास्त्रात "वैरी आवडून घ्या" असं कुठेच नाही. रोमकरांस पत्रात पौल म्हणतो, शत्रू भुकेला असेल तर त्याला खायला दे. म्हणजे पोटात राग असला तरी हातानं भाकरी वाढता येते. मावशीनं नवऱ्याचं वाईट चिंतलं नाही आणि पोलिसांतही गेली, तर त्यात वचन कुठं मोडलं?

मार्था_नगर
गेली नाही ना ती. तेच तर म्हणतेय.

वसईची_लेक
मार्थाताई, "नावाचा ख्रिस्ती" मागे घेते. दुखावलेल्या माणसाला मी ते म्हणायला नको होतं. पण तात्या, राखीनं कर्ज विसरायला लावलं हे मला पटत नाही. २०१७ मध्ये चर्चनं इंदूरला राणी मारियांना 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, म्हणून तर इतक्या लांब वसईत त्या शेतकऱ्यांचं नाव निघालं.

तिरकस_तात्या
बरं, अर्धं मान्य. पागोळीचं काय झालं?

वसईची_लेक
काल वालाचं बिरडं नेऊन दिलं. डबा धुऊन परत आला. पाणी अजून आमच्याच अंगणात पडतंय.