स्कूबाचं सामान कोर्सआधी घ्यावं की नंतर? (मूळ विषय कुणाला आठवत असल्यास)

दर्यावर्दी_दादर
'ओपन वॉटर करण्याआधीच पूर्ण किट विकत घ्या, भाड्याच्या सामानात दुसऱ्याची थुंकी असते' ही पोस्ट (ओपन वॉटर म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स) परवापासून सगळ्या ग्रुपांवर फिरतेय. खाली हात जोडून 'उपयुक्त माहिती, धन्यवाद'. डोकं फिरलं म्हणून हा धागा.

कोर्सला गेलं की सगळ्यात आधी मेडिकल फॉर्म हातात पडतो. दमा, कानाचं ऑपरेशन, फुप्फुसाची जुनी तक्रार, यातल्या कशालाही 'हो' लिहिलं की डॉक्टरच्या सहीशिवाय पाण्यात सोडत नाहीत. त्यातून सुटलात तरी कान आहेतच. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो आणि ज्यांचे कान अडतात, त्यातल्या बहुतेकांचे पहिल्या चार-पाच मीटरमध्येच अडतात. तिथूनच परत फिरलेल्या माणसाने त्या किटचं काय लोणचं घालायचं?

माझा क्रम असा. मास्क कोर्सआधी. नंतर बूट आणि फिन्स (पायात घालायचे पंख). बूट आधी, कारण फिनचं माप बुटावर ठरतं. डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजणारं मनगटी यंत्र) अंदमान किंवा कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला निघण्यापूर्वी. रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारं यंत्र) आणि बीसीडी (हवा भरून तरंगायचं जॅकेट) मात्र वर्षाला पंधरा-वीस डाइव्ह नक्की व्हायला लागल्यावरच. सिलिंडरचं नावही काढू नका.

आणि ही मुंबई आहे. पावसाळ्यात मालवण बंद, रेग्युलेटर चार महिने कपाटात, बाहेर भिंतींना ओल. फर्स्ट स्टेजमध्ये (टाकीला जोडायच्या भागात) मीठ राहिलं असेल तर त्याचे खडे होतात, आतल्या रबरी ओ-रिंग कोरड्या पडतात आणि ऑक्टोबरात तोच 'नवा' रेग्युलेटर सूंऽऽ करत हवा सोडतो.

वाशीचा_शार्क
ती पोस्ट माझीच आहे, नाव घ्यायला लाजू नका.

भाड्याच्या रेग्युलेटरची सर्व्हिस कधी झाली हे तुम्हाला कोण सांगतं? सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद ठेवून तोंडाने ओढून बघा, हवा आली तर माउथपीस किंवा डायफ्रॅम (आतला रबरी पडदा) फाटलाय. व्हॉल्व्ह उघडून गेजकडे बघत चार श्वास घ्या. काटा प्रत्येक श्वासाला खाली-वर नाचला तर व्हॉल्व्ह अर्धाच उघडलाय किंवा फर्स्ट स्टेजची जाळी गंजाने बुजलीय. तुमच्या नवशिक्याला हे कळणार आहे? स्वतःचा सेट असला की निदान इतिहास माहीत असतो.

दर्यावर्दी_दादर
@शार्क, या तपासण्या ओपन वॉटरमध्येच शिकवतात, म्हणजे कोर्स आधी आणि खरेदी नंतर. माझाच मुद्दा मांडल्याबद्दल आभार.

थुंकीचा एवढाच बाऊ असेल तर स्वतःचा माउथपीस घ्या, सेटच्या मानाने चिल्लर पैशांत येतो. सेंटरला विचारून जुन्याची झिप टाय कापायची, नवा खाचेत नीट बसवायचा, नवी टाय आवळायची आणि तिचं टोक साफ छाटायचं, नाहीतर गालाला टोचतं. बहुतेक सगळ्या सेकंड स्टेजना (रेग्युलेटरच्या तोंडाकडच्या भागाला) एकच चालतो.

चष्मेबद्दूर_ठाणे
अवांतर: मास्क आधी घ्या म्हणता, पण नव्या मास्कवर धुकं किती येतं ते सांगत नाही. शिवाय दुकानात आरशात बघून घेऊ नये. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने हलका श्वास ओढायचा, हात सोडल्यावर चिकटून राहिला तर तुमचा. मिशी असेल तर नाकाखालची अर्धा सेंटिमीटर भादरा. वजा नंबरवाल्यांनी लेन्स बदलता येणारंच मॉडेल घ्यावं.

पार्ल्याची_मासोळी
धुक्याचं कारण म्हणजे कारखान्यातून आलेला सिलिकॉनचा थर. काच आतून पांढऱ्या टूथपेस्टने बोटाने पाच मिनिटं घासायची, जेल नको. असं तीन-चार वेळा. नंतर डाइव्हच्या आधी थुंकी किंवा पातळ केलेला बेबी शाम्पू, म्हणजे पाण्याचे थेंब न होता पापुद्रा होतो आणि आरपार दिसतं.

बोरिवली_ब्लू
टूथपेस्ट कसली, लायटर फिरवा! काजळी धरली की पुसायची. दोन मिनिटांत काम.

पार्ल्याची_मासोळी
आणि सिलिकॉनची कड वितळली की? आरशासारखी कोटिंगवाली काच असेल तर कोटिंग गेलंच. लोकांना आग लावायला सांगताना निदान हेही सांगा.

गिरगाव_चौपाटी
आमच्याकडे लाल दंतमंजन आहे, चालेल का?

पार्ल्याची_मासोळी
गेरू असतो त्यात. पारदर्शक सिलिकॉन गुलाबी होईल. नको.

बोरिवली_ब्लू
कड सोडून ज्योत काचेच्या मध्यावर फिरवायची, एवढी अक्कल गृहीत धरली होती. असो. टूथपेस्टवाले घासत बसा दिवाळीपर्यंत.

कुडाळचो_झील
भाड्याच्या सामानाच्या निमित्तान मालवणाक नावा ठेवू नकात. दोन-तीन मीटरवर मागून टाकी धरून फिरवतात आणि माशांना पाव टाकून फोटो काढतात, त्याला तुम्ही मुंबईवाले 'मालवणात स्कूबा केलं' म्हणता. ते सामान दिवसभर तोंडातोंडी फिरतं. कोर्सचं सामान वेगळं असतं.

दर्यावर्दी_दादर
@झील, पटलं. पण तो पाव आधी बंद करायला सांगा.

वाशीचा_शार्क
मग कॉम्प्युटर तरी कशाला? पाडी या प्रशिक्षण संस्थेच्या तक्त्यात एका डाइव्हला १८ मीटरवर फार तर ५६ मिनिटं राहता येतं, १२ मीटरवर १४७. नवशिक्याची टाकी त्याच्या कितीतरी आधी संपते. मालवणात कॉम्प्युटर म्हणजे मनगटावरचं घड्याळ.

दर्यावर्दी_दादर
एका डाइव्हपुरतं बरोबर, म्हणून तर मी 'अंदमानआधी' लिहिलं. तिथे दिवसाला दोन-तीन डाइव्ह आणि ते चार दिवस ओळीने. भाड्याचा कॉम्प्युटर सकाळी दुसऱ्याच्या हातावर असतो, त्यात त्याच्या अंगात साठलेला नायट्रोजन मोजलेला. उद्या तुम्हाला वेगळा मिळाला तर त्याला तुमचा कालचा दिवस माहीतच नाही. एकाहून जास्त डाइव्ह झाल्या की विमानाआधी निदान १८ तास थांबायचं असतं. तो मोजही तोच ठेवतो.

पार्ल्याची_मासोळी
@दर्यावर्दी, बीसीडीबद्दल मात्र पटत नाही. दर ट्रिपला वेगळी बीसीडी म्हणजे दर ट्रिपला बुडायला लावायची शिशाची वजनं नव्याने जुळवा. त्यात ८० घनफुटी ॲल्युमिनियम टाकी रिकामी होत आली की जवळपास दोन किलोंनी वर ओढते. सुरुवातीला वजन बरोबर वाटतं आणि टाकीत ५० बार दाब उरला की सेफ्टी स्टॉपला (वर येण्याआधी थांबतात तिथे) माणूस फुग्यासारखा वर जातो. स्वतःची असली की तरंगणं लवकर जमतं.

दर्यावर्दी_दादर
त्यासाठी शेवटी ५० बारवर वजन तपासायचं आणि लॉगबुकात लिहून ठेवायचं: कुठली टाकी, किती मिलिमीटरचा सूट, किती किलो. फुकट आहे. बरं, तरंगणं लवकर जमतं हे मान्य, पण तुमच्या घरी ती धुणार कोण? आतल्या पिशवीत गोडं पाणी भरून हलवायचं, डंप व्हॉल्व्हने काढायचं, असं दोनदा, मग अर्धी फुगवून सावलीत टांगायची. सोसायटीचं पाणी सातला येतं, साडेसातला जातं.

वाशीचा_शार्क
ठीक आहे, माउथपीसचा मुद्दा घेतला. पोस्टमध्ये 'पूर्ण किट' काढून 'मास्क आणि माउथपीस' करतो. खूश? रेग्युलेटरचं मत बदललेलं नाही. आणि घेणाऱ्यांनी आधी सर्व्हिस कुठे होते ते विचारा, त्या मॉडेलचे सुटे भाग इथे मिळतात का तेही. टाकीला जोडायच्या दोन पद्धती, योक (पकडीची) आणि डिन (आट्यांची): योकच्या टाक्या असल्या तर डिन रेग्युलेटरला अडॅप्टर लावता येतो, उलटं सगळ्या टाक्यांवर जमत नाही.

गिरगाव_चौपाटी
मास्क आला. तो फिन्सच्या काळ्या रबराबरोबर एका पिशवीत ठेवला तर चालेल?

पार्ल्याची_मासोळी
नाही! काळ्या रबराने पारदर्शक सिलिकॉन पिवळं पडतं. वेगळ्या डब्यात ठेवा. आणि दंतमंजन लावलंत ना शेवटी?

गिरगाव_चौपाटी
थोडंच.