मदत हवी आहे: दारू एकदम बंद केली की भास होतात, दाजींना सोडवायची कशी?

नमस्कार मंडळी. आमचं गाव केज तालुक्यात, बीड जिल्हा. माझे दाजी चाळिशीचे आहेत, रोज देशी पितात. आधी फक्त संध्याकाळी क्वार्टर असायची. आता सकाळी हात इतके थरथरतात की चपटी लावल्याशिवाय चहाचा कप धरवत नाही.

पहिल्या घोटांना माणूस मोकळा होतो, लेकरांना जवळ घेतो. तासाभरानं आवाज चढतो, ताईवर संशय घेतात, हात उचलतात. सकाळी विचारलं तर "मी असं केलंच नाही" म्हणतात. भावकी म्हणते सोंग आहे. मला पटत नाही. सोयाबीनच्या पट्टीचे पैसे एका रात्री त्यांनीच कणगीत ठेवले आणि दुसऱ्या दिवशी घरभर शोधत बसले. स्वतःच्या पैशाचं कोण सोंग करील?

खरी भीती वेगळीच आहे. आषाढीला माळ घातली, दारू बंद. दोन दिवस निघाले आणि मग रात्री दरदरून घाम, झोप नाही, अंगावर मुंग्या चढल्यात म्हणून झटकत होते, वारलेल्या चुलत्याशी बोलत होते. बाहेरचं लागलं म्हणून लोकांनी देवऋष्याकडे नेलं. शेवटी कुणीतरी थोडी पाजली, तेव्हा शांत झाले आणि पिणं परत सुरू झालं. आता ते स्वतःच म्हणतात, कार्तिकीला पुन्हा माळ घालतो. त्यांची इच्छा खरी आहे, ती वाया जाऊ नये. घरीच सोडवता येईल का? शिवाय एक जण भाजीत गुपचूप मिसळायची पूड देतो म्हणतोय. ती द्यावी का?

प्रतिसाद १
दादा, आधी पुडीचं. नका देऊ. अशा पुडीत काय असतं ते कळायला मार्ग नाही. डायसल्फिराम, म्हणजे दारू सोडवायला देतात ते औषध, असेल आणि वर दारू पोटात गेली, तर उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब कोसळणं, इथपर्यंत जातं. हे औषध डॉक्टर रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनंच देतात.

दाजींना झालं ते बाहेरचं नव्हतं. दारू मेंदूला मंदावते. रोज पिणाऱ्याचा मेंदू तिला तोंड द्यायला स्वतःला सतत चेतवून ठेवतो. दारू अचानक थांबली की ते चेतवणं मोकाट सुटतं. थरथर आणि घाम पहिल्या दिवसातच येतात, फिट बहुधा ६ ते ४८ तासांत, आणि भ्रम, भास साधारण ४८ ते ९६ तासांत. याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, उपचार नसले तर जीव जाऊ शकतो. एकदा झालंय म्हणजे पुन्हा व्हायचा धोका जास्त. माळ जरूर घालू द्या, पण दारू दवाखान्यात भरती होऊनच थांबवा. तिथे थरथर आणि फिट आवरायची औषधं देतात, ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात. तुम्हाला अंबाजोगाई जवळ. तिथल्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. आषाढीची हकीकत जशी इथे लिहिलीत तशीच डॉक्टरांना सांगा, भास झाले होते हे लपवू नका.

प्रतिसाद २
विसरण्याबद्दल तुमचं बरोबर आहे. रिकाम्या पोटी भराभर प्यायलं की मेंदूचा आठवण नोंदवणारा भाग बंद पडतो. माणूस चालतो, बोलतो, भांडतो, पण नोंदच होत नाही, मग सकाळी आठवणार काय? मात्र आठवत नाही म्हणून मार माफ होत नाही. ताईंना सांगा, पिलेले असताना वाद घालायचा नाही, लेकरांना घेऊन शेजारी जायचं, हात उचललाच तर ११२ लावायचा.

मूळ धागाकर्ता
खूप आभार. सोमवारी नेतो. तोवर सकाळची चपटी बंद करायची का?

प्रतिसाद १
नको, डॉक्टर बघेपर्यंत एकदम तोडू नका. पोटात जेवण आणि पाणी जाऊ द्या, गाडी चालवू देऊ नका. मध्येच फिट आली किंवा भास सुरू झाले तर सोमवारची वाट न बघता १०८ बोलवा. फोनवर आधी बोलायचं असेल तर टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.