आकडा ९६, तरी धाप?

एकांनी विचारलंय, ऑक्सिमीटर ९६ दाखवतोय तरी दमेकरी आईला धाप लागते, म्हणजे मनाचे खेळ का? अजिबात नाही. दम्यात आधी श्वासनळ्या आवळतात, छातीला जोर लावावा लागतो, आणि तो जोरच धाप म्हणून जाणवतो. ऑक्सिजन मागाहून उतरतो. तो टिपतात मानेतली कॅरॉटिड धमनी दुभंगते तिथले तांदळाच्या दाण्याएवढे पुंजके. धमनीतला ऑक्सिजनचा दाब (हा ऑक्सिमीटरचा आकडा नव्हे) पाऱ्याच्या ६० मिमीच्या खाली गेला की ते मेंदूला जोरात कळवतात.

खरी मेख कार्बन डायऑक्साइडची. अटॅकच्या सुरुवातीला भराभर श्वासामुळे तो रक्तात कमी होतो. म्हणून माणूस थकलेला असताना धमनीतल्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये तो 'नॉर्मल' आला, तर श्वासाचे स्नायू हरायला लागलेत समजा.

आमच्या सोलापुरात टॉवेलच्या लूमवर काम करणाऱ्या शेजारच्या काकू. गळ्याखालची खाच प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती, तरी म्हणे, "काय नाही ओ, सुताची धूळ गेली." काहींना धापेची जाणीवच बोथट असते, त्यांचा शब्द प्रमाण मानू नका. पंप घेऊनही आईला एका दमात वाक्य पुरं करता येत नसेल, तर आकडा कितीही असो, दवाखाना गाठा.