भाग्यराजच्या गोष्टी हिंदीने नेल्या, माणूस मात्र तिथेच राहिला

किंग्ज_सर्कल

‘वो सात दिन’, ‘मास्टरजी’, ‘बेटा’, ‘राजाबाबू’. आपल्या पिढीने हे सगळे दूरदर्शनवर नाहीतर केबलवर पाहिलेत. चारही एकाच माणसाच्या तमिळ चित्रपटांवरून आले हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. तो माणूस म्हणजे के. भाग्यराज. लेखकही तोच, दिग्दर्शकही तोच आणि नायकही तोच.

माझं बालपण माटुंग्यात गेलं. शेजारचं तमिळ कुटुंब अरोरा टॉकीजला निघालं की मलाही सोबत न्यायचं. भाषा कळायची नाही, तरी भाग्यराजचा चित्रपट कळायचा. आज चाळीस वर्षांनी माझं मत असं आहे की हिंदीने त्याचं कथानक उचललं आणि ज्यामुळे ते कथानक चालत होतं तो माणूसच मागे ठेवला.

तो इरोड जिल्ह्यातल्या गोबिचेट्टिपाळयमजवळच्या खेड्यातला. दिग्दर्शक भारतीराजांकडे सहायक म्हणून लागला. १९७७ च्या ‘१६ वयदिनिले’मध्ये सहायकी करता करता एक छोटी भूमिकाही केली. १९७९ मध्ये भारतीराजांनी ‘पुदिय वार्पुगळ’साठी या चष्मेवाल्या सहायकालाच नायक केलं, आवाज मात्र संगीतकार गंगै अमरनचा लावला. त्याच वर्षी त्याने स्वतःचा पहिला चित्रपट दिग्दर्शित केला. आणि १९८१ या एकाच वर्षात ‘मौन गीतंगळ’, ‘इन्रु पोय नाळै वा’ आणि ‘अंद एळु नाट्कळ’!

‘अंद एळु नाट्कळ’, म्हणजे ‘ते सात दिवस’, घ्या. पालक्काडचा माधवन संगीतकार व्हायला मद्रासला येतो. सोबत पेटी आणि एक पोरगा शिष्य. त्याचं तमिळ मल्याळी वळणाचं, खिसा रिकामा. घरमालकाच्या मुलीचा, वसंतीचा, त्याच्यावर जीव जडतो आणि तिचं लग्न भलत्याशीच लावलं जातं. नवरा डॉक्टर, सज्जन. तो ठरवतो की हिला हिच्या माणसाकडे पोचवायचं. शेवटी माधवनसमोर वसंती उभी असते, आणि तो म्हणतो की माझी प्रेयसी तुमची बायको होऊ शकते, पण तुमची बायको माझी प्रेयसी होऊ शकत नाही. मग पेटी उचलून चालू लागतो. हे वाक्य रुबाबदार नटाच्या तोंडी त्याग वाटलं असतं. भाग्यराजच्या तोंडी ते हरलेल्या माणसाचं शेवटचं शहाणपण वाटतं. तो खरंच हरू शकतो, हे त्याच्याकडे पाहिल्यावर आधीपासून जाणवत असतं.

‘वो सात दिन’ (१९८३) त्यातल्या त्यात जवळचा, कारण अनिल कपूर तेव्हा नवा होता. ‘मास्टरजी’त मात्र राजेश खन्ना आला आणि खेड्यातल्या गरीब शिक्षकाचा सुपरस्टार झाला.

रानजाई

तुम्ही त्याच्या साधेपणाबद्दल इतकं मनापासून लिहिलंय की विरोधात लिहिताना वाईट वाटतंय, पण लिहिते. तुम्ही ‘मास्टरजी’चं मूळ, १९८३ चा ‘मुंदानै मुडिच्चु’, पुन्हा पाहा. बिजवर शिक्षक तान्हं मूल घेऊन गावात येतो. परिमळा त्याच्या प्रेमात पडते, तो नाही म्हणतो, तेव्हा ती भर पंचायतीत त्या मुलाची खोटी शपथ घेऊन लग्न लावून घेते. हा झाला विनोद! पुढे सावत्रपणाच्या भीतीने तो तिला जवळ येऊ देत नाही, आणि मुलावरची माया सिद्ध करायला ती स्वतःला मूलच होऊ नये म्हणून शस्त्रक्रियेला निघते. तेव्हा कुठे त्याचं मन वळतं. परीक्षा तिने द्यायची आणि साधा माणूस म्हणून प्रेम त्याच्या वाट्याला यायचं. ‘चिन्न वीडु’तसुद्धा (१९८५) बायको जाड म्हणून नवरा बाहेर जातो, आणि आपण हसत हसत त्याच्याच बाजूने बसलेले असतो. दिसायला साधा म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. उलट अशा माणसाला प्रेक्षक लवकर माफ करतात.

कावेरीकाठ

नोकरीमुळे बरीच वर्षं चेन्नईत आहे. रानजाईताई, तुमचा मुद्दा इथेही नवा नाही. २०१९ मध्ये एका चित्रपटाच्या कार्यक्रमात भाग्यराज बायकांबद्दल जे बोलले त्यावरून मोठी टीका झाली, आणि ती रास्तच होती. तरीही त्यांना बाईचं पात्र लिहिता येत नव्हतं असं नका म्हणू. परिमळा करणारी उर्वशी अगदी कोवळ्या वयाची होती आणि अख्खा चित्रपट तिने खांद्यावर पेलला. लेखणीने तेवढी जागा दिली म्हणूनच ना? त्या चित्रपटात शेवग्याची शेंग कामोत्तेजक म्हणून येते, त्यामुळे इथे तिचं नाव काढलं तरी अजून लोक हसतात, बाजारातसुद्धा!

‘इन्रु पोय नाळै वा’ची तर गंमतच वेगळी. तिघे मित्र एका मुलीच्या मागे. त्यातला एक तिच्या वडिलांकडे हिंदीची शिकवणी लावतो. धडा असतो, ‘एक गाव में एक किसान रहता था’. गड्याच्या तोंडून ‘रहता था’चं दर वेळी ‘रघु ताता’ होतं, म्हणजे रघु आजोबा. ज्या राज्यात हिंदीविरोधी आंदोलनात माणसं मेली तिथे हा विनोद कुणालाही न दुखवता केला गेला. हा प्रसंग हिंदीत कसा नेणार?

मुळारंभ

एक दुरुस्ती. ‘बेटा’चं श्रेय पुरतं भाग्यराजना देऊ नका. त्यांचा ‘एंग चिन्न रासा’ (१९८७) हा मुळात १९६९ च्या ‘मल्लम्मन पवाड’ या पुट्टण्णा कणगालांच्या कन्नड चित्रपटावरून, आणि तोही बी. पुट्टस्वामय्यांच्या ‘अर्धांगी’ कादंबरीवरून. म्हणजे तमिळनेही माणूस दुसरीकडूनच आणला. ‘बेटा’त माधुरी आणि अरुणा इराणी समोरासमोर येतात ते प्रसंग काय तोडीचे आहेत! हिंदीने काहीच भर घातली नाही असं कसं म्हणता?

किंग्ज_सर्कल

दुरुस्ती मान्य, मूळ कन्नडच. माधुरीबद्दलही वाद नाही. पण चित्रपट तिचा झाला तो मुलाची जागा रिकामी झाली म्हणून. भोळा मुलगा पडद्यावर खरा भोळा वाटला, तर सावत्र आईचा डाव अंगावर येतो. अनिल कपूर तोवर ‘तेजाब’ करून आला होता. त्याला कुणी फसवेल यावर माझा विश्वास बसत नाही.

रानजाई, शस्त्रक्रियेच्या प्रसंगाला माझ्याकडे उत्तर नाही. तो लहानपणी मला कळलाच नव्हता. पण ‘इदु नम्म आळु’ (१९८८) विसरू नका. नाभिकाचा मुलगा ब्राह्मण म्हणून घरात शिरतो, लग्न करतो आणि मग खरं बाहेर येतं. कथा-पटकथा त्याचीच, संगीतसुद्धा. व्यावसायिक विनोदी चित्रपटात जातीचा प्रश्न इतका उघड मांडायला धाडस लागतं.

कावेरीकाठ

आणि धाडस पुढेही दिसलं. २०१८ मध्ये ‘सरकार’ या तमिळ चित्रपटाच्या कथेवर वरुण राजेंद्रन या लेखकाने हक्क सांगितला. भाग्यराज तेव्हा दक्षिण भारतीय चित्रपट लेखक संघटनेचे अध्यक्ष. समोर विजयसारखा नट आणि मुरुगदास यांच्यासारखा दिग्दर्शक, तरी ते नवख्या लेखकाच्या बाजूने उभे राहिले. वरुणला श्रेय मिळालं. त्या ओघात प्रदर्शनाआधीच कथा जाहीर बोलून गेले, त्याची माफी मागितली आणि पदाचा राजीनामाही दिला. ज्याच्या गोष्टी इतक्या भाषांत फिरल्या त्याला लेखकाच्या नावाची किंमत कळणारच. पार्थिबन आणि पांडियराजन हे दोघेही त्यांच्याच हाताखाली तयार झाले आणि पुढे स्वतः दिग्दर्शक-नट झाले.

मुळारंभ

मग १९९४ च्या ‘वीट्ल विशेषंग’वरून त्यांनी स्वतःच हिंदीत ‘मिस्टर बेचारा’ दिग्दर्शित केला, त्याचं काय? तिथे तर लेखणी आणि दिग्दर्शन दोन्ही त्यांच्याच हातात होतं. नायक पुन्हा अनिल कपूर!

किंग्ज_सर्कल

तोच माझा पुरावा. गोष्ट त्याची, दिग्दर्शन त्याचं, फक्त पडद्यावर तो नाही. आणि चित्रपट आज कुणाला आठवतो? ‘आखरी रास्ता’ मात्र हिंदीत त्याने उत्तम केला, कारण ती सूडाची कथा होती. तिला अमिताभच हवा होता.

रानजाई

काल रात्री ‘अंद एळु नाट्कळ’ उपशीर्षकांसह पाहिला. वसंतीचा निर्णय दोन पुरुष मिळून घेतात असं लिहायचं ठरवूनच बसले होते. पण माधवन ताली, म्हणजे मंगळसूत्र, काढायला सांगतो तेव्हा ती काढू देत नाही, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आहे ते मी तीनदा मागे नेऊन पाहिलं. तो पेटी घेऊन निघाला तेव्हा मला रडू आलं. ‘मुंदानै मुडिच्चु’बद्दल मात्र माझं मत तेच आहे.