मदत हवी आहे: बाबांचं तोंड नीट उघडत नाही, तरी तपासणीला तयार नाहीत (कळवा, ठाणे)

नमस्कार मंडळी. बाबा कित्येक वर्षं तंबाखू-चुना मळून खातात, वर सुपारी. हल्ली जरा तिखट लागलं की तोंडाची आग होते आणि आ केला तर जेमतेम दोन बोटं आत जातात. दातांच्या डॉक्टरांनी सबम्यूकस फायब्रोसिस (तोंडातली आतली त्वचा कडक होत जाऊन तोंड कमी उघडतं तो आजार) सांगितलंय. गालात आतून पांढरा चट्टाही आहे, त्याची बायोप्सी (छोटा तुकडा काढून तपासणी) करा म्हणाले. यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो, म्हणून जीव टांगणीला लागलाय. बाबांचं एकच, "दुखत नाही ना?" अहो, तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला बऱ्याचदा दुखतच नाही!

खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये (टाटाचंच कॅन्सर केंद्र) थेट दाखवता येतं, की आधी परळला टाटामध्ये जावं लागतं? १८००-११-२३५६ या तंबाखूमुक्तीच्या हेल्पलाइनवर मराठीत नीट बोलतात का? कुणाच्या घरी असा हट्टी माणूस तपासणीला तयार झाला असेल, तर कसं समजावलंत तेही सांगा.