मदत हवी आहे : ॲरिझोनातील कुटुंबधोरण संस्थेच्या अभ्यासासाठी

नमस्कार. राज्यशास्त्राच्या प्रबंधासाठी मी अमेरिकेत राज्य पातळीवर काम करणाऱ्या पुराणमतवादी ख्रिस्ती कुटुंबधोरण संस्थांचा अभ्यास करत असून, त्यासाठी १९९५ साली स्थापन झालेली ‘सेंटर फॉर ॲरिझोना पॉलिसी’ ही संस्था निवडली आहे.

या संस्थेने पाठिंबा दिलेले धार्मिक स्वातंत्र्यविषयक विधेयक, एसबी १०६२ (एसबी म्हणजे सिनेट बिल), २०१४ मध्ये ॲरिझोना विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत संमत झाले, परंतु गव्हर्नर जॅन ब्रूअर यांनी, त्या स्वतः रिपब्लिकन असूनही, नकाराधिकार वापरून ते रोखले. या शेवटच्या अंकावर वृत्तपत्रांत रकानेच्या रकाने भरलेले आहेत. मला मात्र त्याआधीचे, कोणाच्या फारसे नजरेस न येणारे काम समजून घ्यायचे आहे, म्हणजे मसुद्याला हात कोणाचा लागतो, समितीतील सदस्यांना कोण भेटते आणि लोकप्रतिनिधींना फोन करण्याचे आवाहन चर्चमधील मंडळींना नेमके कोणत्या टप्प्यावर केले जाते.

तेथील विधिमंडळाच्या ‘रिक्वेस्ट टू स्पीक’ या संगणकीय व्यवस्थेत नागरिक आणि लॉबिस्ट विधेयकाच्या बाजूने किंवा विरोधात आपली नोंद करतात. २०१४ च्या अशा नोंदी कोठे व कशा मिळवाव्यात, हे ॲरिझोनाची राजधानी फीनिक्सच्या परिसरातील जाणकारांपैकी कोणी सांगू शकेल काय? तसेच, संस्थेच्या भूमिकेशी माझे मतभेद आहेत आणि ते लपवून मुलाखत मागणे मला प्रशस्त वाटत नाही; तेव्हा विनंतीपत्रात ते कितपत आणि कोणत्या शब्दांत मांडावेत, याबाबत क्षेत्रकार्य केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.